माहिती पुरवण्याच्या खर्चासाठी राज्याचा स्वतंत्र निधी असावा का, आणि असल्यास तो कसा सांभाळावा?

नदीकाठ

माहितीचा अधिकार अधिनियम 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू आहे. अर्जाला 10 रुपये, प्रतीच्या प्रत्येक पानाला 2 रुपये, पहिल्या अपिलाला 20 आणि दुसऱ्या अपिलालाही 20 रुपये, हे महाराष्ट्रातील दर इथल्या बहुतेकांना पाठ असतील. नागरिकाने किती पैसे भरायचे यावर आपण पुष्कळ बोललो आहोत. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अर्जाचे शुल्क 50 रुपयांपेक्षा आणि पानाचा दर 5 रुपयांपेक्षा जास्त नसावा असे सांगितल्यानंतर तो विषय बऱ्याच अंशी मिटलाही आहे. मात्र शासनाच्या बाजूला हा खर्च कोणत्या पैशातून होतो, याकडे आपण कधी नीट पाहिले नाही, आणि अनेक अडचणींचे मूळ तिथेच आहे असे मला वाटू लागले आहे.

अधिनियमाच्या कलम 4(1)(क) नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचिबद्ध करून ठेवायचे आहेत आणि जे संगणकीकृत करण्याजोगे आहेत ते वाजवी मुदतीत संगणकीकृत करायचे आहेत. मात्र हे संगणकीकरण साधनसामग्रीच्या उपलब्धतेच्या अधीन ठेवलेले आहे. कलम 26 मध्ये लोकशिक्षणाची आणि अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकताना तीच अट पुन्हा घातली आहे. कायद्यातली ही एवढीशी सवलत गेली वीस वर्षे ढालीसारखी वापरली जात आहे. आमच्या गावच्या पाणीपुरवठा योजनेची मोजमाप पुस्तके संकेतस्थळावर टाकावीत, असा अर्ज मी केला होता. त्यावर मला एका ओळीचे उत्तर आले की अभिलेख संगणकीकृत नसून निधी उपलब्ध झाल्यावर कार्यवाही करण्यात येईल. निधी कोणता, कोणत्या लेखाशीर्षाखालचा (म्हणजे सरकारी हिशेबातील कोणत्या खात्याखालचा) आणि कोणाकडे मागितला, हे मी पहिल्या अपिलात विचारले, तेव्हा असा निधी मागितलाच गेला नव्हता हे समोर आले.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की राज्याने माहिती पुरवण्याच्या आणि स्वतःहून प्रकट करण्याच्या खर्चासाठी स्वतंत्र निधी उभारावा, जेणेकरून साधनसामग्री नाही हे उत्तर देण्याची सोयच राहणार नाही. लेखा आणि कोषागार यांची माहिती असलेल्यांनी, तसेच प्रत्यक्ष टेबलावर बसणाऱ्यांनी, यावर सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

टपालबारनिशी

नदीकाठ ताई, मी महसूल विभागाच्या एका तालुकास्तरीय कार्यालयात सहायक जन माहिती अधिकारी म्हणून काही वर्षे काम करतो आहे. टेबलाच्या या बाजूने काय दिसते ते लिहितो.

गेल्या हंगामात एका शेतकऱ्याने आपल्या मंडळातील अतिवृष्टीच्या अनुदानाच्या याद्या मागितल्या. पाने मोजली तेव्हा 412 निघाली, म्हणजे शुल्क झाले 824 रुपये. कलम 7(3) प्रमाणे त्यांना पत्र पाठवले. ते आठवड्याने आले आणि त्यांनी रोख रक्कम भरून पावती घेतली. त्या दिवशी आमच्या झेरॉक्स यंत्राचा टोनर संपलेला होता आणि कार्यालयीन खर्चाचे अनुदान आधीच वापरले गेले होते. नागरिकाने भरलेले 824 रुपये माझ्या कपाटात होते, पण त्यातील एक रुपयाही मला झेरॉक्ससाठी वापरता येत नाही, कारण ती शासकीय जमा आहे आणि ती चलनाने कोषागारात भरणे बंधनकारक आहे. शेवटी शिपायाबरोबर गठ्ठा एसटी स्थानकाच्या गल्लीतील झेरॉक्सवाल्याकडे पाठवला. त्यांनी आपल्या वहीत तारीख, पाने आणि रक्कम लिहून घेतली. त्याच वहीत आमच्या कार्यालयाच्या नावे भरलेले दुसरे पान आता संपत आले आहे.

लोकांना वाटते की माहिती न देण्याची आमची वृत्ती आहे. काही ठिकाणी ती आहे, हे मी नाकारणार नाही. परंतु प्रामाणिकपणे देऊ इच्छिणाऱ्याला खिशातून खर्च करावा लागतो किंवा दुकानदाराची उधारी वाढवावी लागते, हेही तितकेच खरे आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला कलम 7(5) प्रमाणे काहीच शुल्क नसते. ती तरतूद योग्यच आहे, पण त्या प्रतींचा खर्चही सादिलवारमधूनच, म्हणजे कार्यालयाच्या किरकोळ खर्चाच्या रकमेतूनच, जातो.

जमाखर्च

मी राज्याच्या लेखा व कोषागार सेवेतून निवृत्त झालो आहे. टपालबारनिशी यांनी जे लिहिले आहे ते तंतोतंत खरे आहे, आणि त्यामागचे कारण समजून घेतल्याशिवाय निधीची चर्चा पुढे जाणार नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 266 प्रमाणे शासनाला मिळणारा महसूल राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि विधिमंडळाने विनियोजन अधिनियमाने मंजुरी दिल्याशिवाय त्यातून खर्च करता येत नाही. जमा झालेली रक्कम तिथल्या तिथे खर्चाला लावणे हा लेखाशास्त्रातील गंभीर दोष मानला जातो, आणि तो तसा मानला जावा, कारण ही एक वाट मोकळी केली तर प्रत्येक कार्यालय आपले स्वतःचे छोटे राज्य चालवू लागेल. त्यामुळे 824 रुपये कपाटात आणि टोनर रिकामा हे चित्र कितीही खटकणारे असले, तरी त्या रोखीला हात न लावणारा कर्मचारी बरोबरच वागला.

आता ते पैसे जातात कुठे ते पाहू. माहिती अधिकाराखालील जमेसाठी 0070 इतर प्रशासनिक सेवा या प्रधान शीर्षाखाली, इतर सेवा या उपविभागात, 118 हे गौण शीर्ष आहे. परंतु महाराष्ट्रात अर्जाचे आणि अपिलाचे शुल्क बहुतेक लोक कोर्ट फी स्टॅम्प लावून भरतात, आणि स्टॅम्पची विक्री 0030 मुद्रांक व नोंदणी या शीर्षाखाली जमा होते. म्हणजे अर्जाचे 10 रुपये आणि दोन अपिलांचे 40 रुपये माहिती अधिकाराची जमा म्हणून हिशेबात दिसतच नाहीत. कलम 25(3) मधील एका खंडानुसार राज्य माहिती आयोगाच्या वार्षिक अहवालात प्रत्येक प्राधिकरणाने वसूल केलेल्या शुल्काची रक्कम द्यायची असते. जेवढी जमा स्टॅम्पच्या रूपाने आली, तेवढी कोषागाराच्या आकड्यांशी कधीच जुळणार नाही. ज्या व्यवहाराची जमाच दोन वेगळ्या ठिकाणी पडते, त्याचा खर्च मोजण्याची कोणाला गरज वाटली नाही, यात नवल नाही.

नदीकाठ ताईंना ज्या अर्थाने स्वतंत्र निधी अपेक्षित आहे, तो लोकलेख्यात, म्हणजे एकत्रित निधीबाहेरच्या सरकारी खात्यात, उघडावा लागेल, उदाहरणार्थ 8229 विकास व कल्याण निधी किंवा 8235 सर्वसाधारण व इतर राखीव निधी यांपैकी एका शीर्षाखाली. त्याची रीत अशी असते की शुल्क आधी एकत्रित निधीत जमा होते, नंतर विधिमंडळाच्या मंजुरीने तेवढी किंवा ठरवलेली रक्कम खर्ची दाखवून राखीव निधीत वर्ग केली जाते, आणि प्रत्यक्ष खर्च होईल तेव्हा तो त्या निधीतून भागवला जातो. याचा फायदा एवढाच की 31 मार्चला उरलेली रक्कम व्यपगत होत नाही, म्हणजे वर्ष संपले म्हणून हातची जात नाही. बाकी शिस्त नेहमीचीच राहते.

सह्यपठार

मी अनेक वर्षे जिल्हा वार्ताहर म्हणून काम केले आहे आणि मला या प्रस्तावाबद्दल आस्था आहे, पण एक मोठी भीतीही आहे. शासनाच्या दृष्टीने लोकांना माहिती देणे याचा अर्थ बहुतेक वेळा प्रसिद्धी असा होतो. त्यासाठी 2220 माहिती व प्रसिद्धी हे वेगळे प्रधान शीर्ष आहे, खर्चाच्या बाबींमध्ये 26 जाहिरात व प्रसिद्धी ही वेगळी बाब आहे, आणि माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची स्वतंत्र यंत्रणाही आहे. त्या यंत्रणेचे काम आवश्यक आहे, परंतु आपण ज्याबद्दल बोलत आहोत ते काम वेगळे आहे. शासनाला जे सांगायचे आहे ते पोहोचवण्यासाठी प्रसिद्धी असते. नागरिकाला जे जाणून घ्यायचे आहे ते त्याला मिळावे म्हणून माहितीचा अधिकार आहे.

एकदा का माहितीसाठी निधी असे मोघम नाव असलेले खाते उघडले, की निवडणुकीच्या आधीच्या वर्षात त्यातून योजनांच्या पानभर जाहिराती निघतील. शासकीय जाहिरातींच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने 13 मे 2015 रोजी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि त्यात राष्ट्रपती, पंतप्रधान व सरन्यायाधीश यांच्याखेरीज इतरांची छायाचित्रे वापरण्यास मनाई केली. दहा महिन्यांत, मार्च 2016 मध्ये, राज्यांच्या आणि केंद्राच्या पुनर्विलोकन अर्जांवर राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्री यांच्या छायाचित्रांना पुन्हा मुभा मिळाली. सत्तेला या पैशाची किती ओढ असते हे त्यावरून ध्यानात यावे. म्हणून निधीच्या नियमात पहिलेच वाक्य असे हवे की यातून कोणत्याही माध्यमातील जाहिरातीवर खर्च करता येणार नाही.

नदीकाठ

सह्यपठार यांची सूचना मला पूर्णपणे मान्य आहे आणि माझ्या मूळ मांडणीत ती यायला हवी होती. निधीच्या नावातही माहिती हा एकटा शब्द नसावा. अभिलेख सूचीकरण व प्रकटीकरण निधी असे काहीसे रुक्ष, पण वाकवता न येणारे नाव मला अधिक पसंत आहे.

खर्चाच्या बाबीही मोजक्या असाव्यात. अभिलेखांचे वर्गीकरण आणि सूची, स्कॅनिंग, कलम 4(1)(ख) मधील 17 बाबी मराठीत अद्ययावत ठेवणे, प्रतींचा खर्च आणि अभिलेख पाहू इच्छिणाऱ्यांसाठी बसायची जागा, यांपलीकडे मला काही सुचत नाही. शेवटची बाब क्षुल्लक वाटेल. परंतु 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख विनाशुल्क पाहता येतात. मी स्वतः अशा चार सोमवारी गेले आहे. एका ठिकाणी मला जिन्याखालच्या बाकावर बसवले होते आणि धारिका मांडीवर ठेवून टिपणे काढावी लागली. दुसऱ्या एका ठिकाणी एका कारकुनाने आपले टेबल रिकामे करून दिले. त्या दोन तासांत मला जे मिळाले, त्यासाठी एरवी तीन अर्ज, सुमारे 600 पाने आणि एक अपील लागले असते. अभिलेख पाहू देण्यासारखा स्वस्त मार्ग दुसरा नाही, आणि त्याला लागणारा खर्च म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि धारिका शोधून देणारा माणूस.

मांडवी

गोव्यातून लिहितो आहे. आमच्याकडे 1997 मध्येच राज्याचा माहिती अधिकाराचा कायदा झाला होता, त्यामुळे या विषयाशी इथल्या लोकांचा परिचय जुना आहे. मला निधी या संकल्पनेबद्दलच शंका आहे. केंद्राने 2013 च्या अर्थसंकल्पात निर्भया निधीसाठी 1,000 कोटी रुपये जाहीर केले आणि पुढची कित्येक वर्षे त्यातील मोठी रक्कम खर्चाविना पडून राहिली. पैसा वेगळा काढून ठेवला म्हणजे काम झाले, असे समाधान शासनालाही वाटते आणि आपल्यालाही वाटते. त्याऐवजी प्रत्येक विभागाच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात एक उपशीर्ष उघडले तर काय बिघडेल? राजस्थानने सप्टेंबर 2019 मध्ये जन सूचना पोर्टल सुरू केले, त्यावर शिधावाटपापासून रोजगार हमीपर्यंतची माहिती अर्ज न करता गावपातळीपर्यंत पाहता येते. ते काम विभागांकडे आधीच संगणकात असलेली माहिती लोकांसमोर खुली करण्यातून उभे राहिले.

जमाखर्च

मांडवी साहेबांची शंका रास्त आहे आणि तिला महाराष्ट्रातच मोठा आधार आहे. आपल्याकडचा सर्वांत महत्त्वाचा समर्पित निधी म्हणजे रोजगार हमी निधी. 1975 च्या कायद्याने व्यवसाय कर बसवला, 1977 चा रोजगार हमी अधिनियम 26 जानेवारी 1979 पासून अंमलात आला, आणि त्या निधीत कराच्या उत्पन्नाइतकीच रक्कम राज्याने स्वतःची घालावी अशी तरतूद झाली. ज्या काळात मजूर कामावर येत होते त्या काळात या निधीने लाखो घरे तगवली, आणि हे मी दुष्काळी तालुक्यातील कोषागारात बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. हजेरीपटाची देयके आली की अनुदान आहे का हा प्रश्न विचारावा लागत नसे. नंतरच्या काळात मात्र कर जमा होत राहिला, कामे मागे पडली, आणि साठलेल्या रकमेचे काय करायचे हा वादाचा विषय झाला.

यातून मी असा निष्कर्ष काढतो की ज्या खर्चाची मागणी एका वर्षी खूप आणि दुसऱ्या वर्षी थोडी असते, त्याला राखीव निधी शोभतो. माहितीचा खर्च तसा नाही. प्रतींचा खर्च दरवर्षी साधारण सारखा असतो. म्हणून त्याला प्रत्येक विभागाच्या मागणीत स्वतंत्र उपशीर्ष पुरेसे आहे, फक्त ते 13 कार्यालयीन खर्च या बाबीत मिसळू देऊ नये आणि त्यातून दुसरीकडे पुनर्विनियोजन करण्यास, म्हणजे ती रक्कम दुसऱ्या खर्चाकडे वळवण्यास, मनाई असावी. अभिलेखांचे वर्गीकरण आणि स्कॅनिंग हे मात्र चार-पाच वर्षे चालणारे, मध्येच थांबले तर वाया जाणारे काम आहे. तिथे व्यपगत न होणारा निधी हवा. नाहीतर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बीम्सवर, म्हणजे शासनाच्या अनुदान वितरणाच्या संगणक प्रणालीवर, अनुदान येते, घाईने एजन्सी नेमली जाते, आणि सहा गठ्ठा पद्धतीने, म्हणजे सहा वर्गांत विभागून, कधीच न लावलेल्या कागदांचे जसेच्या तसे स्कॅनिंग होते. सूची नसलेल्या लाखो पानांच्या प्रतिमा संगणकात असणे म्हणजे माहिती उपलब्ध असणे नव्हे. म्हणून निधीतून पहिला हप्ता सूचीसाठी द्यावा, आणि सूची संकेतस्थळावर लागल्याशिवाय स्कॅनिंगचा हप्ता सोडू नये.

वाटपाबद्दलही एक सांगतो. जेवढे शुल्क वसूल झाले त्या प्रमाणात निधी वाटू नये. तसे केल्यास जी कार्यालये स्वतःहून काहीच प्रकट करत नाहीत, त्यांच्याकडे अर्ज जास्त येतात, शुल्क जास्त जमते आणि निधीही जास्त मिळेल. याच कारणासाठी कलम 20 खालील दंडाची रक्कमही या निधीत वळवू नये. दिवसाला 250 आणि जास्तीत जास्त 25,000 रुपये हा दंड जन माहिती अधिकाऱ्याच्या चुकीबद्दल असतो. चुकांवर ज्याची जमा वाढते अशी व्यवस्था आपण मुद्दाम उभी करू नये.

टपालबारनिशी

जमाखर्च साहेबांच्या दंडाच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. पण कलम 7(6) चे काय? मुदतीत माहिती दिली नाही तर ती विनाशुल्क द्यावी लागते. त्या प्रतींचा खर्च या उपशीर्षातून चालेल का? नाही म्हटले, तर तो पुन्हा सादिलवारवर किंवा आमच्या खिशावर येतो.

आणखी एक अडचण ग्रामपंचायतींची आहे. तिथे ग्रामपंचायत अधिकारीच जन माहिती अधिकारी असतो, प्रतींचे शुल्क नमुना 7 ची पावती देऊन घेतले जाते आणि नमुना 5 च्या रोकडवहीतून ग्रामनिधीत जाते. राज्याच्या उपशीर्षाचा तिथे काही संबंध येत नाही, आणि सर्वांत जास्त अर्ज जिथे रोजच्या जगण्याशी जोडलेले असतात ते ठिकाण नेमके तेच आहे.

नदीकाठ

7(6) बाबत माझे मत असे की उशिराच्या प्रतींचा खर्च निधीतून देऊ नये, पण त्या उशिराचे कारण अर्जाच्या नोंदवहीत त्याच दिवशी लिहिले जावे. टोनर नव्हता, यंत्र बंद होते, अनुदान नव्हते, जे असेल ते. अपिलात ही नोंद समोर आली तर जबाबदारी टेबलावरच्या माणसाची की अनुदान न देणाऱ्याची, हे ठरवता येईल. आज सगळा रोष टेबलावरच्या माणसावर निघतो. आयोगाकडे 2023 मध्ये लाखाच्या वर प्रकरणे प्रलंबित होती. त्यांतील किती केवळ कागद आणि शाई यांच्यापायी तिथे पोहोचली, हे अशा नोंदीशिवाय कधीच कळणार नाही.

ग्रामपंचायतींना सहायक अनुदान म्हणून ठरावीक रक्कम मिळावी आणि तिचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा. निधीचा स्वतःचा हिशेबही कलम 4(1)(ख) खाली दर तिमाहीला प्रसिद्ध व्हायला हवा, कारण प्रत्येक यंत्रणेचे अंदाजपत्रक, नियोजित खर्च आणि वितरणाचा अहवाल प्रकट करणे त्या कलमानेच बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये कलम 4 खालील प्रकटीकरणाच्या त्रयस्थ लेखापरीक्षणावर देखरेख ठेवण्यास आयोगांना सांगितले आहे. त्या लेखापरीक्षणात हा हिशेब तपासला जावा.

सामान्य प्रशासन विभागाला पाठवायच्या निवेदनाचा मसुदा मी रविवारपर्यंत इथे टाकते. जमाखर्च साहेबांनी लेखाशीर्षांचा परिच्छेद तपासून द्यावा.

जमाखर्च

अवश्य तपासतो. मसुद्यात एक ओळ माझ्याकडून घाला. स्टॅम्प लावून आलेल्या प्रत्येक अर्जाची आणि अपिलाची रक्कम कार्यालयाने वेगळ्या स्तंभात नोंदवावी आणि दरमहा कोषागाराला कळवावी. त्याला पैसा लागत नाही, नवा नियमही लागत नाही, आणि खरी जमा पहिल्यांदा दिसू लागेल.

टपालबारनिशी यांच्यासाठी वेगळे लिहितो. झेरॉक्सवाल्यांची उधारी वहीत ठेवू नका. त्यांच्याकडून प्रत्येक अर्जाचा क्रमांक, तारीख आणि पाने लिहिलेले सहीचे देयक आजच घ्या. मागील आर्थिक वर्षातील देयक चालू वर्षाच्या अनुदानातून भागवता येते, मात्र उशिराचे कारण नमूद करून सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागते, आणि जितके महिने जातील तितके ते कारण लिहिणे कठीण होत जाते. प्रत्येक देयकाला त्या अर्जाच्या चलनाची प्रत जोडा, म्हणजे त्या माहितीपोटी शासनाकडे 824 रुपये आधीच जमा झालेले आहेत हे मान्यता देणाऱ्याला त्याच कागदावर दिसेल. टिपणीचा नमुना हवा असेल तर मला निरोप पाठवा, मी उद्या सकाळी लिहून देतो.

टपालबारनिशी

पाठवतो, साहेब. दुकान सात वाजता बंद होते, तोवर जाऊन देयके घेऊन येतो.